पाय अधांतरी : आमची वाटचाल

रिकामी कुंडी हातात आली की मी ती आधी पालथी करतो. घाट, झिलई, तळाचा शिक्का हे सगळं नंतर. आधी पाय. चारही एका पातळीत टेकतात का, एखाद्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ आहे का, निचऱ्याच्या भोकाची कड खपली उडून कच्ची झालीय का. मग ती डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायची आणि उजव्या हाताच्या पेराने काठावर टकटक करायची. खणखणीत वाजली तर काम घ्यायचं. बद्द वाजली तर मालकाला समोर बसवून तो आवाज त्यांच्या कानांना ऐकवायचा, तसं कागदावर लिहून सही घ्यायची आणि मगच बांधायला लागायचं. ही सही घ्यायला आम्ही फार उशिरा शिकलो, आणि जबर किंमत मोजून शिकलो.

आम्ही बोन्सायच्या कुंड्या आणि कुंडीतली झाडं लांबच्या प्रवासासाठी बांधून देतो. दुसरं काही करत नाही. आरसे, घड्याळं, काचेची कपाटं दारात आली तरी परत पाठवली.

सुरुवात दोघांची. मी घरसामान हलवणाऱ्या एका फर्ममध्ये बांधणीला होतो आणि मामा तिथेच पेट्या ठोकायचे. सगळे त्यांना मामाच म्हणत, मीही म्हणतो. एकदा कुणाची तरी लांबट, विनाझिलई, पातळ भिंतीची कुंडी आली, एक पाय मुळापासून तुटलेला. बाकी कुंडीला ओरखडा नाही. तिच्याभोवती एवढा कागद आणि फोम होता की आम्हाला ती शोधून काढावी लागली. मामांनी तुटलेला पाय जागेवर धरून पाहिला आणि म्हणाले, "हिला उभी करून पाठवली रे. बसवून पाठवायला हवी होती."

त्या एका वाक्यावर आमचा धंदा उभा आहे. कुंडीत ओली माती, झाड आणि तारेने आवळलेली मुळं असतात. मोठ्या कुंडीला उचलायला दोन माणसं लागतात. तो सगळा भार बोटभर रुंदीच्या चार पायांवर येतो. घरात मांडून ठेवलेली असते तोवर ठीक. गाडीत प्रत्येक खड्ड्याला तेवढाच भार वरून ठोसा मारल्यासारखा पायांवर आदळतो. बाजूने कितीही मऊ गुंडाळा, पायांखालचा मार चुकत नाही. मामांनी त्याच रात्री दोन पट्ट्या रंध्याने गुळगुळीत करून कुंडीच्या पोटाखाली, पायांच्या मधून जातील अशा फळीवर बसवल्या. उंची पायांपेक्षा बोटभर जास्त. वर फेल्टचा जाड थर. कुंडी पोटावर बसली, पाय अधांतरी राहिले. ही आमची चौकट. पट्ट्या स्क्रूने बसवायच्या, खिळ्यांनी नाही, कारण गचक्यांनी खिळा हळूहळू वर येतो आणि त्याचं डोकं नेमकं कुंडीच्या तळाला लागतं.

आवळायला मामांनी निवार वापरली. प्लॅस्टिकची अरुंद पट्टी मशीनने ओढली की काठाच्या एकाच बिंदूवर चावते. रुंद निवार काठावर पसरून बसते. ताण किती द्यायचा? निवारीखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका. त्याहून जास्त आवळणारा माणूस कुंडी स्वतःच्या हाताने फोडत असतो. मामांचा रंधा, गुण्या आणि बारीक कानस आजही त्याच कोनाड्यात आहेत. त्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नाही.

पहिली सात वर्षं चांगली गेली.

मग ते काम आलं. एका जुन्या संग्राहकाची 38 झाडं, चार दिवसांचा रस्ता. कुंड्यांमध्ये चीनमधल्या यिशिंगच्या जुन्या विनाझिलई होत्या, जपानमधल्या तोकोनामेच्या होत्या. ज्यांनी त्या हाताळल्यात त्यांना सांगायला नको. घट्ट भाजलेली कुंडी पाणी पीत नाही, गारठ्यात टिकते, म्हणून लोकांना वाटतं ती ठोकाही सोसेल. ठोक्याला ती काचेची बहीण आहे.

झाडं जास्त होती, वजन वाढत होतं. मामांच्या प्लायवुडच्या फळीऐवजी तळाला पाच पदरी पुठ्ठा वापरायचा निर्णय माझा. मामा म्हणाले, "पुठ्ठा कोरडा आहे तोवर फळी, ओला झाला की लगदा." मी म्हटलं, माती आदल्या दिवशी भिजवलेली आहे, निथळून गेलेली आहे, पाणी येणार कुठून? ते पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, आणि मी ऐकायला हवं होतं. हे मी त्यांच्यासमोरही म्हणालो आहे.

पाणी आलं ते माळ्याच्या हातून. गाडी निघायच्या दिवशी पहाटे, आम्ही पोहोचायच्या आधी, झाडांना चार दिवस पाणी मिळणार नाही या मायेने त्याने प्रत्येक कुंडी गच्च भरून टाकली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वरून आम्ही शेवाळ अंथरलेलं होतं, त्यामुळे आम्हालाही दिसलं नाही. खोकी बंद झाली. निचऱ्याच्या भोकांतून ते पाणी दिवसभर पुठ्ठ्यात झिरपलं. पुठ्ठा ढिला पडला, पट्ट्यांचे स्क्रू त्यात सैल झाले, कुंड्या खाली बसल्या. कुंडी दोन बोटं खाली गेली की निवार सैल होते, आणि सैल कुंडी खोक्यात खेळायला लागते. वाटेत वाहतूकवाल्याने आम्हाला न विचारता माल दुसऱ्या गाडीत चढवला, तोही मागच्या चाकांच्या मागे, जिथे हिसका सगळ्यात मोठा असतो.

38 पैकी 11 कुंड्या गेल्या.

मी स्वतः तिथे जाऊन एक खोकं उघडलं. तळाच्या पुठ्ठ्यावर तपकिरी ओलीचं वर्तुळ होतं, पसरत जाऊन कडेला थांबलेलं, आणि त्यात चार भोकं, पायांच्या मापाची. मी त्या भोकांत बोट घालून बसलो होतो. घरधनी काही बोलत नव्हते. त्यांच्या पत्नी तुकडे वर्तमानपत्रावर मांडत होत्या, एकेका कुंडीचे वेगळे.

विमा कंपनीने नकार दिला. मालाच्या विम्यात अपुऱ्या बांधणीमुळे झालेलं नुकसान बहुधा वगळलेलंच असतं, आणि पुठ्ठ्याचा फोटो त्यांच्या हातात होता. वाहतूकवाल्याने चढवल्याची पावती दाखवली, गाडी बदलल्याचा उल्लेख कुठेच नाही. माळ्याला मी दोष दिला नाही. देणंही नव्हतं. संग्राहकाला मी संपूर्ण भरपाई दिली, अडीच वर्षं हप्त्याने. आमची गाडी विकली. मामांनी सात महिने मजुरी घेतली नाही. हे मी कुणाला दया यावी म्हणून लिहीत नाही. जे झालं ते असं झालं.

याच काळात आमच्याकडे तीन वर्षं काम शिकून गेलेल्या माणसाने स्वतःचं काम सुरू केलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, धंद्यातल्यांना ते ठाऊक आहे. त्या फुटक्या कुंड्यांचे फोटो त्याला कुठून मिळाले ते मला कळलेलं नाही. ते घेऊन तो आमच्या एकेका गिऱ्हाइकाच्या घरी गेला. वर्षभरात निम्मी कामं गेली. बरं, चौकट कोणाची? मामांचीच. तेच पोटाखालचे आधार, तेच अधांतरी पाय. फक्त स्क्रूऐवजी खिळे. आणि तो ती 'आमची खास पद्धत' म्हणून सांगतो. मामांचं नाव त्याने एकदाही घेतलेलं मी ऐकलेलं नाही. इतक्या वर्षांनीही ते मला सोसत नाही.

त्याच्या एका गोष्टीवर मात्र लिहिलंच पाहिजे, कारण लोक फसतात. रिकाम्या कुंड्यांच्या आत तो फुगणारा फोम ओततो. बघायला फार भक्कम वाटतं. पण कुंडीचा काठ आत वळलेला असेल तर फोम आत फुगून तोंडापेक्षा मोठा होतो. मग तो सुरीने कोरून काढावा लागतो. अशी एक कुंडी आमच्याकडे आली होती. आतून सुरीचे चरे, काठाची एक खपली गेलेली, आणि वर्षानुवर्षांच्या हातांनी, पाण्याने मुरलेला बाहेरचा रंग फोमच्या चिकट्याने डागाळलेला. तो मुरलेला रंग परत आणता येत नाही. त्या रंगासाठी आम्ही बबल रॅपही थेट लावत नाही. उष्ण गाडीत त्याचे गोल ठसे उमटतात. आधी कोरा, न छापलेला टिशू कागद, वर फोम शीट, मग बबल. वर्तमानपत्राची शाई ओलसर विनाझिलई मातीत शिरते. चिकटपट्टी कुंडीला कधीच लावू नका, कागदाला लावा.

आणि एकात एक कुंड्या रचू नका. जागा वाचते हे खरं, पण गचक्यांनी आतली कुंडी पाचरीसारखी खाली बसत जाते आणि बाहेरचीला फाकवते. उथळ ताटासारख्या कुंड्या लांब कडेवर उभ्या, खोलगट कुंड्या तोंड खाली करून. दोन कुंड्यांमध्ये पुठ्ठ्याची भिंत. खोकं बंद करून हलवायचं. काही खुळखुळलं तर ते उघडून परत भरायचं, कंटाळा करायचा नाही.

कामं थांबली होती त्या महिन्यात एक बाई आल्या. त्यांच्याकडे तेव्हा 9 झाडं होती. आमचं काय झालं ते त्यांना पूर्ण माहीत होतं, फोटोही पाहिलेले होते. त्यांनी एकच विचारलं, "पाणी किती वाजता घातलं होतं?" दुसऱ्या कुणीही हे विचारलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं होतं की किती फुटल्या. मी सगळं सांगितलं, पुठ्ठ्याचं माझं चुकलेलं धरून. त्यांनी एक लंबगोल, निळ्या झिलईची कुंडी पुढे केली. म्हणाल्या, आधी ही एकटी पाठवा, बघू.

ती कुंडी मामांनी तीन दिवस बांधली. ती पोहोचली. मग जुनिपर गेला, ज्याचं जिन, म्हणजे साल काढून ठेवलेली मृत फांदी, बोटभर जाडीचं आणि वाळक्या हाडासारखं ठिसूळ होतं. जिनला काहीही गुंडाळायचं नाही. गुंडाळलं की कागदच त्याला ओढून मोडतो. कुंडीच्या फळीवरून चार काठ्या उभ्या करायच्या, वर आडवी सुतळी, आणि झाड त्या पिंजऱ्यात कशालाही न टेकता उभं. बाईंनी त्यानंतर दोनदा घर बदललं, एकदा सीमेपलीकडे. तेव्हा माती धुऊन मुळं मोकळी करावी लागली, कारण बहुतेक देश माती येऊ देत नाहीत. पेटीचं लाकूडही तापवून घेतलेलं, शिक्क्याचं लागलं. गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, 30 मिनिटं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. झाडं आणि कुंड्या वेगवेगळ्या गेल्या. तिथे पोहोचल्यावर बाईंनी प्रत्येक कुंडी काठावर टकटक करून फोनवर मला ऐकवली. मी आणि मामा फोनला कान लावून बसलो होतो. 14 कुंड्या, सगळ्या खणखणीत.

काही लोक म्हणतात बोन्साय हलवायचंच नसतं. त्यांना मी सांगतो, 1976 मध्ये जपानने अमेरिकेला 53 बोन्साय भेट दिले. त्यांत 1625 पासून घडवत आणलेला एक पांढरा पाइन होता, 1945 मध्ये हिरोशिमातून वाचलेला. तो वॉशिंग्टनला गेला आणि जगला. ओमियाचं बोन्साय गावही 1923 च्या भूकंपानंतर तोक्योतून झाडं घेऊन निघालेल्या लोकांनीच वसवलं. झाडं प्रवास करतात. करवणाऱ्याला करवता आला पाहिजे.

म्हणून जो कोणी कुंडीतलं झाड स्वतः बांधत असेल त्याने एवढं करावं. पाणी आदल्या दिवशी सकाळी. निघायच्या दिवशी थेंबही नाही, आणि हे घरातल्या प्रत्येकाला, माळ्याला, शेजाऱ्याला तोंडी सांगायचं, शिवाय चिठ्ठी लिहून कुंडीवर ठेवायची. तळाला फळीच. माल पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, शक्यतो पुढे. मध्येच गाडी बदलणार नाही हे वाहतूकवाल्याकडून लिहून घ्यायचं. पोहोचल्यावर फायकसने, म्हणजे वड-पिंपळाच्या जातीतल्या झाडाने, पानं गाळली तर घाबरून खत घालू नका. अंधारातून आलं आहे ते, उजेडात हळूहळू आणा. कुंडीला भेग गेलीच तर लोक सोन्याच्या लाखेने जोडायचा सल्ला देतात. दिसायला सुंदर दिसते. पण रोजचं पाणी, माती आणि वाढत्या मुळांचा दाब ती भेग झेलेल याची हमी मी कुणाला देत नाही. जोडलेली कुंडी फळीवर रिकामी ठेवा.

मामांची नजर आता अधू झाली आहे. चौकटी मुलगा बसवतो, त्यांचाच. पण खोकं बंद करायच्या आधी मामांना बोलवावं लागतं. ते खाली बसतात, कुंडीच्या पायांखालून आणि फळीच्या वरून एक बोट फिरवतात, चारही पायांखालून, सावकाश. बोट आरपार गेलं तर म्हणतात, "जाऊ दे."

काल तिसऱ्या पायाशी बोट अडलं. खाली गाडी उभी होती, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. आम्ही निवार सोडली, कुंडी उचलली, पट्टीवर फेल्टचा आणखी एक थर लावला आणि पुन्हा बसवली. मामांनी परत बोट फिरवलं. गाडी दोन तास उशिरा निघाली.