मुलाखत: देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत दहाला नोकरीची मुलाखत असेल, तर म्हापशाहून आठच्या आधी निघा. पणजीला बस बदलायची असते, शिवाय हायवेपासून कारखान्याच्या गेटपर्यंत चालावं लागतं. फाईलमध्ये मूळ प्रमाणपत्रं वर, झेरॉक्सचे दोन संच खाली. अनुभव सांगताना ‘स्टोअर सांभाळलं’ एवढंच सांगू नका. रोज मालाची किती चलनं नोंदवलीत, साठा किती दिवसांनी मोजलात, ते सांगा. पगार ठरवताना पीएफ कापून हातात किती येणार, हे विचारायला लाजू नका.

आणि मालकांनो, मुलींना ‘लग्न कधी?’ विचारणं बंद करा. चांगली उमेदवार तिथेच मनातून उठून जाते. सगळ्यांना तेच पाच प्रश्न विचारा, उत्तरं लगेच टिपा. संध्याकाळी चेहरे आठवतात, उत्तरं नाही. नकारसुद्धा आठवड्याभरात कळवा.