भाड्याची डिस्क अडकली तर: धुवायचं किती आणि थांबायचं कुठे

चित्र अडकलं की डिस्क बाहेर काढायची, अंगातल्या शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसायची आणि परत घालायची, हा जवळजवळ सगळ्यांचा पहिला उपाय. भाड्याच्या डिस्कांवर जे बारीक गोलाकार चरे दिसतात, त्यातले बरेचसे याच पुसण्याने पडलेले असतात. डेटा आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेत असतो. गोल पुसताना पडलेला चरा त्या रेषेला समांतर जातो आणि एका जागचा सलग डेटा झाकतो. मध्यापासून कडेकडे गेलेला चरा मात्र दर फेरीला क्षणभरच आडवा येतो आणि तेवढी तूट प्लेअर गणिताने भरून काढतो. या भरपाईला मर्यादा आहे: रेषेच्या दिशेने मोजलं तर डीव्हीडीवर साधारण ६ मिमी, सीडीवर साधारण २.५ मिमी. व्हीसीडीवर (सिनेमा भरलेली सीडी) चित्राच्या डेटाला दुरुस्तीचा जादा थर नसतो, त्यामुळे तिथे चौकोन लवकर दिसायला लागतात.

डिस्कला दोष देण्याआधी घरातली एखादी चांगली डिस्क लावून बघा. तीही अडकली तर बहुधा प्लेअरचं भिंग मळलेलं किंवा लेझर थकलेला आहे. भाड्याची डिस्क स्वच्छ दिसते, पण सुरूच होत नाही, असं असेल तर कव्हरवरचा रीजन क्रमांक (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरसाठी आहे तो आकडा) वाचा, आणि ती ब्ल्यू-रे तर नाही ना हेही. डीव्हीडी प्लेअर ब्ल्यू-रे वाचू शकत नाही, कितीही पुसली तरी.

आता खरं उपयोगाचं. सिनेमा कुठल्या मिनिटाला अडकतो यावरून डाग कुठे शोधायचा ते कळतं. वाचन आतून सुरू होतं. डिस्कच्या मध्यबिंदूपासून साधारण २४ मिमीवर सिनेमाचा डेटा सुरू होतो आणि डिस्क पूर्ण भरलेली असेल तर ५८ मिमीपर्यंत जातो. डिस्कची ओळख सांगणारी माहिती त्याच्याही आत असते, म्हणून भोकाजवळच्या पट्ट्यात घाण असली तर डिस्क मुळात उघडतच नाही. डेटाचा एकच थर असलेल्या, भरलेल्या डीव्हीडीवर सिनेमाचा मध्य साधारण ४४ मिमीवर येतो. बाहेरच्या फेऱ्या लांब असल्याने त्यात डेटा जास्त मावतो, त्यामुळे मध्य कडेकडे सरकतो.

दोन थरांच्या डीव्हीडीचं गणित वेगळं. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा, बहुतेक सिनेमांच्या डिस्कवर, बाहेरून आत. म्हणजे मध्यंतराच्या आसपास लेझर कडेला असतो, नेमका तिथेच, जिथे लोक अंगठा लावून डिस्क धरतात. बरोबर मध्यावर अडकणाऱ्या सिनेमाचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. थर बदलताना चित्र अर्धा सेकंद थबकलं तर तो बिघाड नव्हे. कॉम्प्युटरवर डिस्कचा आकार ४.७ जीबीपेक्षा जास्त दिसला की ती दोन थरांची समजा.

डिस्क दिव्याखाली तिरपी करून बघा. नुसते केसासारखे चरे बहुधा निरुपद्रवी असतात. चऱ्यावरून नख हलकेच न्यावं. नख अडकलं तर चरा खोल आहे. सीडी-व्हीसीडी असेल तर छापील बाजू जास्त जपा. चमकता थर तिथे लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो, तो खरवडला गेला की डेटा कायमचा जातो. अशी डिस्क उजेडासमोर धरली की टाचणीएवढी भोकं दिसतात. डीव्हीडीत डेटा ०.६ मिमीच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, म्हणून छापील बाजूचा ओरखडा तिला सहसा बाधत नाही. ब्ल्यू-रेवर डेटा वाचनाच्या बाजूपासून फक्त ०.१ मिमी आत. पृष्ठभागावर लेझरचा ठिपका डीव्हीडीत साधारण अर्धा मिमी रुंद असतो, ब्ल्यू-रेत जेमतेम ०.१३ मिमी, डीव्हीडी पचवते ती धूळ ब्ल्यू-रेला पुरून उरते. तिच्यावर कडक लेप देतात तो यासाठीच.

मधल्या भोकापासून निघालेली तडा गेल्याची रेघ दिसली तर डिस्क लावूच नका. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह डीव्हीडी मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत फिरवू शकतो आणि तडकलेली डिस्क आत फुटली तर ड्राइव्ह गेला. हे तडे बहुधा डब्यातून काढताना पडतात: मधली कळ न दाबता कडेला धरून ओढलं की डिस्क वाकते.

धुणं सोपं आहे. आधी फुंकणीने धूळ उडवा, कारण धुळीवरून कापड फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणंच. मग कोमट नळाखाली धरा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब बोटावर घ्या आणि बोटाच्या पेराने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत चोळा. साबण पूर्ण निघू द्या, पाणी झटका, मायक्रोफायबर कापडाने टिपा, घासू नका. टिश्यू पेपर नको, त्याचे तंतू चरे पाडतात. चिकटपट्टीचा डिंक किंवा तेलकट डाग राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी पॉलिकार्बोनेट, म्हणजे डिस्कचं प्लास्टिक, पांढुरकं पडतं, आणि मग काहीच करता येत नाही. छापील बाजूला कागदी लेबल असेल तर ती बाजू कोरडीच ठेवा. अर्धवट सुटलेल्या लेबलाने डिस्क असमतोल फिरते. वाळवायला ऊन किंवा ड्रायर नको.

इथे थांबायचं. टूथपेस्ट आणि पॉलिश यांनी डीव्हीडीचा उथळ चरा खरंच कमी होऊ शकतो, कारण डेटा शाबूत असतो आणि चरा फक्त प्रकाश भलतीकडे वळवत असतो. पण डिस्क तुमची नाही, हात एकसारखा फिरला नाही तर अख्खा पृष्ठभाग धुरकट होतो, आणि भरपाई तुमच्याकडे मागितली जाते. ब्ल्यू-रेवर तर कडक लेपच घासला जातो. घासून गुळगुळीत करण्याचं यंत्र दुकानाकडे असेल तर ते त्यांनी वापरावं.

धुऊनही अडकत असेल तर दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. त्रुटी सोसण्याची ताकद प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते. तेही जमलं नाही तर पुढच्या चॅप्टरवर उडी मारा आणि मग थोडं थोडं मागे या. खराब पट्ट्याकडे पलीकडून आलं की गमावलेला भाग बराच लहान होतो. फास्ट फॉरवर्डने त्यातून जायचा प्रयत्न करू नका, प्लेअर बहुतेक वेळा तिथेच रुतून बसतो.

डिस्क घेतानाच दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा, वाद टळतात. परत करताना गुपचूप डब्यात घालू नका. चिठ्ठीवर चॅप्टर आणि वेळ लिहा: ‘चॅप्टर १४, १ तास १२ मिनिटांवर अडकते, धुऊन पाहिली, दुसऱ्या प्लेअरवरही तेच.’ ‘डिस्क खराब आहे’ एवढंच सांगितलं तर दुकानदार पहिली पाच मिनिटं लावून बघतो, ती नीट चालतात, आणि डिस्क पुन्हा फळीवर जाते. चिठ्ठी डब्यावर चिकटवा, डिस्कवर नाही.