अपंगत्व पेन्शन नामंजूर झाल्यानंतर : माझा अनुभव

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात फौजेतून आलेली माणसं गावोगाव सापडतात. त्यातल्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी एक इंग्रजी पत्र पडून असतं. तुमचं अपंगत्व सैनिकी सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही, सबब अपंगत्व पेन्शन नामंजूर, असा त्यातला मजकूर. मेहकर तालुक्यातल्या माझ्या घरीही ते आलं होतं. आज मला ती पेन्शन मिळते. मधल्या काळात काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहितोय, कारण ते पत्र आलं म्हणजे विषय संपला असं समजून गप्प बसलेले माजी सैनिक मला अजूनही भेटतात, आणि त्यांचं ऐकून जीव तुटतो.

मी १९९८ साली इन्फंट्रीत भरती झालो आणि २०१५ मध्ये नायक म्हणून निवृत्त झालो. सतरा वर्षांत काश्मीर झालं, उत्तर सिक्कीम झालं. सिक्कीममध्ये जिथे गाडीचा रस्ता संपतो तिथून वर पोस्टपर्यंत सगळं पाठीवर जातं. राशन, दारूगोळा, रॉकेलचा जरीकेन. पाठीत पहिली कळ आली ती तिथेच, बर्फावर पाय घसरून पिठ्ठूसकट, म्हणजे पाठीवरच्या बोज्यासकट, बसलो तेव्हा. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गोळ्या मिळाल्या, दोन दिवस आराम मिळाला, पुन्हा ड्यूटी. पोस्टवर माणसं मोजकी असतात. आपण पडून राहिलो तर आपला पहारा दुसऱ्याला द्यावा लागतो, म्हणून कुणी जास्त कुरकुर करत नाही. पुढे पलटण शांततेच्या ठिकाणी, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, आली. तिथे एकदा धावता धावता डावा पाय बधिर झाला. एमएचमध्ये, म्हणजे लष्करी इस्पितळात, एमआरआय काढला आणि मणक्यातली गादी सरकल्याचं निघालं. शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, या श्रेणीतून लो मेडिकल कॅटेगरीत गेलो आणि निवृत्तीपर्यंत तसाच राहिलो.

निवृत्तीच्या आधी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी, होतो. त्यात माझं अपंगत्व २० टक्के, आयुष्यभरासाठी, असं ठरलं. अपंगत्व पेन्शनसाठी दोन गोष्टी लागतात : अपंगत्व किमान २० टक्के हवं, आणि ते सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं. माझी पहिली अट बरोबर काठावर पूर्ण झाली आणि दुसरीत मला बाद केलं. नोकरीची साधी पेन्शन सुरू झाली. अपंगत्वाच्या भागासाठी काही महिन्यांनी रजिस्टर पोस्टाने नकार आला. त्या पत्राच्या शेवटी एक ओळ असते, ती सगळ्यांनी नीट वाचावी : निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करता येईल.

घरी बायको म्हणाली, "आवो, आहे ते पेन्शन काय कमी आहे? काहून जीव जाळता?" तिचं चूक नव्हतं. घरात दोन पोरं शिकत होती आणि कोर्टकचेरी म्हटलं की शेत विकायची वेळ येते, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. माय मात्र म्हणाली, "तुह्या पाठीचं दुखणं त्याइले दिसत नाही का बाबू?" दिसत नव्हतं, हेच खरं. गावालाही दिसत नव्हतं. सोयाबीनचं पोतं मला उचलता येत नाही, डवऱ्यामागे तासभर चाललो की रात्री कूस बदलता येत नाही, हे घरच्यांना ठाऊक. पारावर मात्र "माणूस तर धडधाकट दिसते, अन् अपंगाचं पेन्शन मांगते" असं बोलणं व्हायचं. हे मला पत्रापेक्षा जास्त लागलं. पैशाची गरज होतीच, पण पाठ फौजेत गेली हे फौजेने कागदावर मान्य करावं, ही माझी मागणी होती आणि तिची मला अजिबात लाज वाटत नव्हती.

बुलढाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "अपील नंतर लिही. आधी तुझ्या मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत हातात घे." या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला हाच. माझ्याजवळ प्रत नव्हती. मेहकरच्या पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घेतली आणि माहिती अधिकार कायदा २००५ खाली अर्ज पाठवला : रिलीज बोर्डाची कार्यवाही, कॅटेगरीचे सगळे जुने बोर्ड आणि भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, या सगळ्याच्या प्रती द्याव्यात. कायद्यात उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. आपलेच कागद आपण मागत असतो, तिथे संकोच कशाला?

ते कागद आले आणि मी सतरंजीवर पसरून बसलो. बोर्डाच्या फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६. सुरुवातीच्या भागात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं : कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठे होतो, आणि ते ठिकाण फील्ड (मोर्चावरचं) की पीस (शांततेचं). माझ्या सगळ्या पोस्टिंग तिथे ओळीने होत्या, सिक्कीमपुढे फील्ड, अतिउंचीचा भाग, असं स्पष्ट. पुढच्या पानांवर बोर्डाचं मत. सेवेमुळे झालं का? नाही. सेवेमुळे वाढलं का? नाही. सेवेशी संबंध नाही? होय. कारणाच्या रकान्यात जेमतेम दीड ओळ : दुखण्याची सुरुवात शांततेच्या ठिकाणी, सेवेतल्या ताणाशी निकट संबंध नाही. पण त्याच पानावर खाली आणखी दोन प्रश्न होते. हे अपंगत्व भरतीच्या आधीपासून होतं का? उत्तर, नाही. जवानाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालं का? उत्तर, नाही. शेजारी भरतीच्या तपासणीचा कागद ठेवला. त्यात पाठीबद्दल एक अक्षरही वाईट नव्हतं.

आता कुणीही सांगावं. भरती झालो तेव्हा पाठ ठीक होती, माझा निष्काळजीपणा नाही, सतरा वर्षं फौजेशिवाय दुसरं काही केलं नाही. मग ही पाठ गेली कुठे?

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हेच म्हटलं आहे. ते सिग्नल कोरमध्ये होते, झटक्यांच्या आजारामुळे त्यांना बाहेर काढलं होतं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली होती. न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं. नंतर त्याची तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं मानायचं. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा जवानाला. सेवेशी संबंध नाही असं बोर्डाला म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायला हवीत. माझ्या फॉर्मवर दीड ओळ होती. तिला कारण म्हणायचं असेल तर शांततेच्या ठिकाणी दुखणं उघडकीला आलेल्या प्रत्येक जवानाला तीच ओळ लावता येईल.

पहिलं अपील याच मुद्द्यांवर केलं, जवानांचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत. भाषा साधी ठेवली. मी देशासाठी किती सोसलं वगैरे लिहिलं नाही. फॉर्मचं पान, रकाना, त्यातलं उत्तर आणि त्यावर माझं म्हणणं, एवढंच. सोबत पोस्टिंगची यादी आणि एकाच सेक्शनमध्ये असलेल्या दोन साथीदारांची निवेदनं जोडली. रजिस्टर पोस्ट, पोचपावती, सगळ्याच्या झेरॉक्स. अपील फेटाळलं गेलं. मग दुसऱ्या अपील समितीकडे गेलो. तिथूनही जवळपास तेच वाक्य फिरून आलं. माझे मुद्दे कुणी वाचले होते की नाही हे त्या उत्तरांवरून कळायला मार्ग नव्हता, आणि याचा मला आजही राग आहे. नामंजूर करा, पण ज्या माणसाने पान क्रमांक देऊन विचारलंय त्याला उत्तर तरी द्या.

तरी ही दोन्ही अपिलं वाया जात नाहीत. पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं तर आधीचे उपाय वापरून झाले का, हे बघितलं जातं. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण झालं आणि २००९ पासून सुरू आहे. महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईला. एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय सदस्य, म्हणजे निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी, असे दोघं ऐकतात. अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. स्वतःचं म्हणणं स्वतःही मांडता येतं, पण मी वकील केला. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्यांनी थकबाकीतला हिस्सा मागितला. मी उठून आलो. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून घेणं वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही, हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं आणि त्यांची बरीच थकबाकी अशीच जाते. दुसऱ्या वकिलांनी फी ठरवून सांगितली आणि तेवढीच घेतली.

सुनावणीला जायचं म्हणजे मेहकरहून एसटीने खामगाव, पुढे शेगाव, आणि रात्री विदर्भ एक्स्प्रेस. कमरेला पट्टा बांधून खालच्या बर्थवर पडून जायचो. सरकारी बाजूने जवाबासाठी मुदत मागितली की तारीख पुढे, आणि मी परत. पेरणीच्या दिवसांत हे फार जड जायचं. बायकोनेच शेवटी सांगितलं, "आता मागं फिरू नका, मी पाहून घेतो वावराचं." तिने खरंच पाहिलं.

प्रत्यक्ष युक्तिवाद फार वेळ चालला नाही. वकिलांनी फॉर्मचं तेच पान वाचून दाखवलं, सिक्कीमच्या तारखा दाखवल्या, आणि शांततेच्या ठिकाणी जवान आराम करत नसतो, तिथेही पीटी, परेड, रात्रीची गार्ड असते हे सांगितलं. २०१९ मध्ये आदेश झाला : अपंगत्व सेवेमुळे वाढलेलं मानावं, २० टक्क्यांचं पूर्णांकन करून ५० टक्के धरावं, आयुष्यभरासाठी, आणि तीन महिन्यांत रक्कम द्यावी, नाहीतर आठ टक्के व्याज.

हे पूर्णांकन समजून घ्या. ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याहून जास्त असेल तर १००. आधी हा फायदा फक्त मध्येच नोकरीतून काढलेल्यांना मिळायचा. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असा हिशोब आहे. म्हणजे २० टक्क्यांना ६ टक्के मिळाले असते, तिथे ५० मुळे १५ टक्के मिळतात. नायकाच्या घरात हा फरक मुलीच्या नर्सिंगच्या फीएवढा असतो. आमच्या घरी तो तिथेच गेला.

आदेश हातात आला तरी पैसे लगेच येत नाहीत. तीन महिने गेले, काही हालचाल नाही. अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज टाकावा लागला, तेव्हा मंजुरीचं पत्र निघालं आणि प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, आला. थकबाकी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मिळाली, कारण मी मुदतीत लढत राहिलो होतो. जे फार उशिरा जातात त्यांचा हक्क सहसा बुडत नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणून उशीर करू नका म्हणतो. आणि जे २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेत त्यांनी त्या तारखेपासून लागू झालेले नवे नियम आधी तपासावेत, माझ्या वेळचे नियम त्यांना जसेच्या तसे लागणार नाहीत.

सध्या शेजारच्या गावातल्या एका वहिनींचे कागद बघतोय. त्यांचे मालक तोफखान्यात होते, कान गेले होते, नकाराचं पत्र आल्यावर त्यांनी पुढे काहीच केलं नाही आणि दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या हयातीतल्या थकबाकीसाठी वारस म्हणून वहिनींना दावा करता येईल का, ते बोर्डाची प्रत आली की वकिलांना विचारायचं आहे. माहिती अधिकाराचा अर्ज गेला आहे. २०२५ मध्ये नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, वीर परिवार सहायता योजना सुरू झाली, तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांतून मोफत कायदेशीर मदत मिळायची सोय आहे, तिथेही त्यांचं नाव दिलंय.

मेहकर, लोणार, चिखलीकडच्या कुणाकडे असं पत्र पडून असेल तर डिस्चार्ज बुक, पीपीओ, ते पत्र आणि बोर्डाचा जो काही कागद सापडेल तो, या सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका. पत्रावरची तारीख आधी बघा, सहा महिने व्हायचे असतील तर त्याच आठवड्यात अपील टाका, बाकीचे कागद मागून जोडता येतात.