काचेवरचं अळवाचं पान

पेरोव्हस्काइटचं, म्हणजे सोलर सेलमध्ये प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाचं, पिवळं द्रावण काचेवर सोडलं, काच गरागरा फिरवून थर पसरवणारा स्पिन कोटर सुरू केला आणि थेंब सरळ उडून गेला. मागे उरली कोरडी काच आणि एका कोपऱ्यात काळपट चट्टा. अळवाच्या पानावर पाणी जसं ठरत नाही, अगदी तसं. त्या दिवशी बारा काचा केल्या, त्यातल्या नऊ टाकून दिल्या.

पीएचडीचं दुसरं वर्ष, पुण्यातला जुलै. आमचे सोलर सेल उलट्या रचनेचे, म्हणजे प्रकाश ज्या काचेतून आत येतो त्याच बाजूला होल (धन प्रभार) गोळा करणारा थर. तिथे आम्ही पीटीएए नावाचा महागडा पॉलिमर लावायचो आणि त्याच्या सीमेवर व्होल्टेज गळायचं. सर म्हणाले, "सॅम करून बघ." सॅम म्हणजे सेल्फ-असेम्बल्ड मोनोलेयर, आपोआप रांगेत उभ्या राहणाऱ्या रेणूंचा एकाच रेणूच्या जाडीचा थर. रेणूच्या एका टोकाचं फॉस्फॉनिक आम्ल काचेवरच्या आयटीओला, म्हणजे वीज वाहणाऱ्या पारदर्शक लेपाला, घट्ट धरतं, दुसऱ्या टोकाचं कार्बाझोल पेरोव्हस्काइटकडून होल घेतं, मध्ये कार्बनची छोटी साखळी. लिथुआनियातल्या कौनास तंत्रज्ञान विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ आणि बर्लिनचं हेल्महोल्ट्झ केंद्र यांनी मिळून हे रेणू पुढे आणले. 2020 मध्ये त्यातल्याच मी-फोर-पॅक्झ नावाच्या रेणूवर पेरोव्हस्काइट-सिलिकॉन जोडसेल 29.15 टक्के कार्यक्षमतेपर्यंत पोचला. (नावातला 'मी' मिथाइलचा. यावरून लॅबमध्ये जे विनोद व्हायचे ते होऊन गेले.)

कागदावर कृती लाजिरवाणी सोपी. इथेनॉलमध्ये 1 मिलिमोलर द्रावण, 3000 आरपीएमवर 30 सेकंद, मग 100 अंशांवर 10 मिनिटं. एका काचेला 100 मायक्रोलिटर द्रावण लागतं, म्हणजे मिलिग्रॅमचा तिसावा भाग! 100 मिलिग्रॅमची कुपी तीन हजार काचांना पुरावी. कुपीची किंमत ऐकून आई म्हणाली होती, "सोनं स्वस्त गं." हा हिशोब सांगितल्यावर गप्प बसली.

अडचण अशी की हा थर दिसत नाही. पीटीएए बिघडला तर फिल्म तरी वेगळी दिसते. इथे लागलाय की नाही, अर्धवट लागलाय की चांगला, डोळ्यांना काही कळत नाही. शिवाय मी-फोर-पॅक्झच्या वरच्या टोकाचे मिथाइल गट ध्रुवीय नाहीत, त्यामुळे डीएमएफ-डीएमएसओ या ध्रुवीय द्रावकांमधलं पेरोव्हस्काइटचं द्रावण त्यांच्यापासून लांब पळतं. म्हणजे थेंब पळाला तर दोन अर्थ निघतात: थर उत्तम बसलाय, किंवा काच मळकी आहे. मी तीन आठवडे दुसराच अर्थ धरून बसले. साबण, अॅसिटोन, आयपीए, पुन्हा साबण. सीनियर ताई एकदा म्हणाली, "अगं, किती घासशील? आयटीओ निघून येईल!"

घासण्यातून एक गोष्ट मात्र हाती लागली. यूव्ही-ओझोनमधून (काच शेवटची साफ करणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या काचा मी जेवायच्या सुट्टीत टेबलावर ठेवून जायचे. तास-दीड तासात पावसाळ्यातली लॅबची हवा त्यांवर बसत असणार. ओझोन देऊन लगेच ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे बाहेरची हवा न शिरणाऱ्या बंद पेटीत, नेलेल्या काचांवर सेलचे आकडे एकमेकांच्या जवळ येऊ लागले. फॉस्फॉनिक आम्लाला धरायला पृष्ठभागावर ताजे हायड्रॉक्सिल गट लागतात, हे मी वाचलेलं होतं. डबा खाताना आठवलं नाही, एवढंच.

दुसरी चूक जास्त चीड आणणारी. मी द्रावणाची एकच बाटली दोन महिने वापरत होते. हे रेणू इथेनॉलमध्ये एकेकटे राहत नाहीत, गुच्छ करून बसतात. गुच्छ काचेवर उतरला की तिथे थर जाड होतो, शेजारी मोकळी जागा राहते आणि सेल शंट होतो, म्हणजे वीज आतल्या आत आडवाटेने गळते. आता द्रावण ताजं करते, वापरण्याआधी ध्वनिलहरींनी गुच्छ सोडवणाऱ्या सॉनिकेटरमध्ये ठेवते आणि अनीलिंगनंतर (काच तापवल्यावर) इथेनॉल फिरवून न चिकटलेले रेणू धुऊन टाकते.

एवढं करूनही थेंब पळायचा तो पळायचाच. त्यावर अॅल्युमिनाच्या नॅनोकणांचा विरळ फवारा बऱ्याच जणांनी वापरलाय. आमच्याकडे त्याने फिल्म पसरली खरी, पण एका बॅचमध्ये पसरे आणि दुसऱ्यात अर्धवट राही. शेवटी मी-फोर-पॅक्झमध्ये त्याच कुटुंबातलं टू-पॅक्झ मिसळलं. टू-पॅक्झला मिथाइल नाही, साखळी आखूड, द्रावण त्यावर बऱ्यापैकी टिकतं. मिश्रणाचं प्रमाण बदलत बदलत सप्टेंबर उजाडला. मिथाइलवाल्याचा वाटा जास्त ठेवला की व्होल्टेज चांगलं पण काचा वाया; टू-पॅक्झचा वाढवला की काचा वाचतात आणि व्होल्टेजमधला फायदा थोडा घटतो. मी काचा वाचवण्याच्या बाजूने गेले. रेकॉर्डचा एक सेल दाखवण्यापेक्षा बारापैकी अकरा चालणं मला मोलाचं वाटतं. सरांना अजून तसं वाटत नाही.

गणपतीनंतरच्या बॅचमध्ये पीटीएएच्या 1.05 व्होल्टच्या जागी 1.12 दिसले. मी तीनदा मोजलं, मग संदर्भाचा सिलिकॉन सेल लावून मोजणीचा, सूर्यप्रकाशाची नक्कल करणारा दिवा तपासला, मग चहाला गेले.

आता 25 मिलिमीटरच्या काचेवरून 50 वर आलोय. मधोमध फिल्म झकास काळी येते. कडेला थेंब पुन्हा मागे सरकतोय.