आनंदमेळाव्यातला नफा-तोटा

सहामाही परीक्षा आटोपली की इंदुरात मराठी मंडळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस यायचे. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, कुठेही जा, डिसेंबरच्या संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या पटांगणात लेझीम खणखणत असायची. या गावानं १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलनं भरवली, पण सहावी ते आठवीच्या मुलांना स्नेहसंमेलनातलं विचाराल तर ती आनंदमेळाव्याच्या स्टॉलांबद्दलच बोलणार.

स्टॉल मुलांचे, म्हणजे खरोखर मुलांचेच. पाच जणांचा गट: एक खजिनदार, एक खरेदीला, दोघं वाढायला आणि एक ओरडायला. ओरडणारा पारखून घ्यावा लागे. वर्गात बडबड करणारा तिथे हमखास लाजतो. चूल नाही, गॅस नाही, तळण नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलेलं. थंडीत इंदुरी माणसाला गराडू हा तळलेला कंद हवाच, पण तो मोठ्यांच्या स्टॉलवर. सोलताना हात खाजतात म्हणून आधी तेल चोळायचं, आणि दोनदा तळल्याशिवाय तो कुरकुरीत होत नाही. हे काम बाराव्या वर्षी कुणाच्या हाती द्यायचं नसतं.

मुलांकडे भेळ यायची. एका द्रोणाला २५ ग्रॅम कुरमुरे धरले तर एका किलोत ४० द्रोण होतात. त्याला ४०० ग्रॅम बारीक शेव, एक किलो उकडलेले बटाटे, एक किलो कांदा आणि साधारण ८०० मिली चिंचगुळाची चटणी. कुरमुरे सियागंजच्या बाजारातून आदल्या दिवशी आणलेले असत आणि रात्रीच्या गारव्यात सादळत, म्हणून सकाळी अर्धा तास उन्हात चादरीवर पसरायचे. भेळ चिवट होण्याचं मुख्य कारण मात्र कांदा. सकाळी आठला चिरून मीठ लावून ठेवला की दहापर्यंत पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं, आणि ते पाणी कुरमुऱ्यांत जातं. म्हणून कांदा शेवटी चिरायचा, मीठ मिसळताना घालायचं आणि एका वेळी पाच द्रोणांपेक्षा जास्त भेळ कालवायची नाही. एवढं सांगूनही कुणीतरी गर्दीच्या भीतीनं आख्खी परात कालवून मोकळं व्हायचं. ‘काकू, वरून जीरावन घालू का?’ हा प्रश्न त्यावरचा उतारा असे. जीरावन हा इंदूरचा चटपटीत मसाला, तो पडला की इंदूरकर बरंच काही माफ करतो.

सरबताचं गणित सोपं, पण फसवं. २०० मिलीचे ५० ग्लास म्हणजे दहा लिटर. त्याला २५ लिंबं, सव्वा किलो साखर, चवीला मीठ. डिसेंबरच्या गार पाण्यात साखर लवकर विरघळत नाही. ती तळाशी बसते, पहिले ग्लास आंबट जातात आणि शेवटचे पाकासारखे. आधी थोड्या गरम पाण्यात साखर विरघळवून घेतली की प्रश्न मिटतो. लिंबू साल पिळवटेपर्यंत दाबलं तर कडवटपणा उतरतो. आणि थंडीत अकराच्या आधी सरबत कुणी घेत नाही, हे सरबतवाल्या गटाला रिकाम्या बाकासमोर दोन तास उभं राहूनच कळायचं.

सातवीच्या पुस्तकातला नफा-तोटा इथे हाताला लागायचा. समजा, सामान २६० रुपयांचं आणि द्रोण-चमचे ४० रुपयांचे, एकूण खर्च ३००. चाळीस द्रोणांनी भागलं की एक द्रोण साडेसात रुपयांना पडतो. दहाला विकला तर ४०० येतात, नफा १००. आता शेकडा किती? निम्मे गट १०० ला ४०० नं भागून २५ टक्के सांगत. नफा खरेदीवर काढायचा असतो, म्हणजे सव्वातेहेतीसच्या किंचित वर. त्याहून मोठी गंमत अशी की पहिले तीस द्रोण विकले जाईपर्यंत गट फक्त खर्च भरून काढत असतो. हे ज्यांच्या लक्षात येई, ते सुरुवातीला मित्रांना फुकट वाटणं बंद करत. द्रोण-चमचे खर्चात धरायला विसरणारे तर दरवर्षी असायचेच.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लेझीम. बत्तीस मुलं, आठ-आठच्या चार रांगा, दोघांमध्ये दोन हातांचं अंतर, नाहीतर लेझीम शेजारच्याच्या कोपरावर बसते. ढोलवाला एका टोकाला उभा केला की लांबचं टोक मागे पडतं, कारण तिथली मुलं ढोल ऐकण्याऐवजी शेजाऱ्याकडे बघून हात हलवतात आणि उशीर माणसागणिक वाढत जातो. ढोल मधोमध, रांगांच्या मागे ठेवायचा. वेग वाढत जाणं हा दुसरा रोग. त्यावर तालमीत तोंडानं आकडे मोजण्याखेरीज औषध नाही.

नाटुकल्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माईक एकच, आणि ज्याचं वाक्य तो नेमका माईककडे पाठ करून उभा.

मुलांच्या हस्तलिखित अंकात मात्र जीव गुंतायचा. शाळेत हिंदी, घरी मराठी, त्यामुळे ‘शाळा’ची ‘शाला’ व्हायची, ‘मी जाऊन राहिलो’ लिहून यायचं, आणि संपादक असलेल्या बाई ते पेन्सिलीनं खुणावून मुलालाच पुन्हा लिहायला लावत. कागद, पुठ्ठा, रंग खजुरी बाजारातून. डावीकडे चार सेंटिमीटर समास सोडायचा, कारण टाचणीत दोन तरी जातातच. न सोडणाऱ्याची कविता प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गमावून बसे. चित्रं वेगळ्या कागदावर काढून चिकटवली की अंक पोटातून फुगतो. म्हणून शिवताना पानांमध्ये बोटभर रुंदीच्या कागदी पट्ट्या घालत, म्हणजे पाठीलाही तेवढीच जाडी येई.

दिवसाचा हिशेब त्याच संध्याकाळी व्हायचा. स्टॉलवर रोख पैसे चालत नसत. दारावरच्या टेबलावर पाच आणि दहाची दोन रंगांची शिक्का मारलेली कुपनं मिळत, त्यामुळे सुट्ट्यांची कटकट दारातच संपे. स्टॉलवाल्यानं कुपन घेताच कोपरा फाडून डब्यात टाकायचं. न फाडलेलं कुपन पुन्हा बाहेर फिरून येतं आणि तेच दोनदा मोजलं जातं. सगळे डबे मोजले की बेरीज विकलेल्या कुपनांपेक्षा कमीच भरे, कारण काही कुपनं धाकट्या भावंडांच्या खिशातून घरी गेलेली असत. तो फरक मंडळाच्या खात्यात जमा होई. आठवीची मुलं तो स्टॉलांत वाटून मागत, आणि खजिनदार काका नियमांचा कागद काढून चष्मा पुसायला घेत.