माझा अनुभव: गच्चीवरच्या भोपळ्याला आणि दुधीला फळ कसं धरलं

गच्चीवर लाल भोपळा आणि दुधी लावला की पावसाळ्यात फुलं भरभरून येतात, फळ मात्र धरत नाही. फुलाखाली बोराएवढा भोपळा दिसतो, आपण हरखतो, आणि दोन-तीन दिवसांत तो पिवळा पडून गळतो. इंदूरमध्ये गच्चीवर बाग करणाऱ्या ओळखीच्या बऱ्याच जणांची हीच तक्रार आहे, म्हणून आमच्याकडे काय केलं ते सविस्तर लिहिते.

नर्सरीवाल्याने हार्मोनची बाटली सुचवली, कोणी म्हणालं खत वाढवा. खताची आम्हाला ददात नाही. इथे घरोघरी ओला कचरा वेगळा निघतो, आणि कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तर इंग्रज कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात बसवली. मग अडलं कुठे? शेजारच्या काकू शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांनी गळलेलं एक फूल नखाने उभं चिरलं आणि म्हणाल्या, “अगं, हे अजून फळ नाहीच. हा अंडाशय. आत बीजांडं, म्हणजे होऊ घातलेल्या बिया आहेत बघ, पण पराग पोचलाच नाही, तर वेल यांना पोसेल कशाला?”

भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. आधी काही दिवस नुसती नर फुलं, लांब सडपातळ देठाची. मादी फूल मागाहून येतं आणि त्याच्या पाकळ्यांखाली ती इवलीशी गाठ असते. पराग इतका जड आणि चिकट की वाऱ्याने उडत नाही, त्याला सातेरी मधमाशी किंवा काळा भुंगाच लागतो. आमच्या चौथ्या मजल्यावर ते क्वचितच दिसायचे. म्हणजे ते काम आपणच करायचं.

यात सगळ्यात महत्त्वाची आहे ती वेळ. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं चढली की मिटतं. आंघोळ-चहा उरकून नऊ-दहाला गच्चीवर जाणाऱ्याला ते सापडायचं नाही. उद्या उमलणारी मादी कळी आदल्या संध्याकाळीच ओळखू येते, तिचं टोक पिवळं होऊन फुगलेलं असतं. रात्री पावसाचा रंग दिसला तर मी तिच्यावर आणि एका नर कळीवर कागदी पिशवी चढवून ठेवते, कारण भिजलेला पराग फुटून वाया जातो. सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधला परागाने माखलेला दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या पराग झेलणाऱ्या भागावर, हलक्या हाताने फिरवायचा. कुक्षीचे तीन भाग असतात. तिन्हींवर पराग लागला पाहिजे.

असं का, ते एका वाकड्या भोपळ्याने दाखवलं. तो एका बाजूने फुगला होता, दुसरीकडे चेपलेला. कापला तर फुगीर बाजूला टपोऱ्या बिया आणि चेपलेल्या बाजूला नुसत्या पांढऱ्या चपट्या टरफलांची रांग. प्रत्येक बीजांडाला स्वतंत्र परागकण लागतो. कुक्षीवर तो रुजतो, त्याची बारीक नलिका आत उतरते आणि दोन नरपेशी घेऊन जाते. एक अंडपेशीशी एकरूप होते, तिचा भ्रूण बनतो. दुसरीपासून त्या भ्रूणाचं अन्न तयार होतं. हे दुहेरी फलन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिली कुळातल्या फुलांत पाहिलं. वाढत्या बियाच भोवतीच्या गराला वाढीचा इशारा देतात, म्हणून बी नाही तिथे गर नाही. मला हे फार विलक्षण वाटतं: आपण ज्याची भाजी करतो ते वेलीने बियांसाठी रचलेलं असतं.

दुधीचं वेळापत्रक उलटं. त्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. तिथे दिवेलागणीला जायचं, बाकी कृती तीच. दोडकाही संध्याकाळचाच, गिलकी मात्र सकाळची.

जमलं की नाही ते लवकर कळतं. गाठ हिरवी, तुकतुकीत राहते, देठ जाड होतो. दुधीवरची लव नंतर विरळ होत जाते आणि नख सहज रुतेल तोवरच तो काढायचा. प्रत्येक फळ टिकत नाही. वेलीवर आधीच दोन-तीन मोठी फळं असतील तर नवी गाठ ती स्वतःच टाकते, तिथे पराग लावून उपयोग नसतो.

कर्टुली, म्हणजे इथल्या मंडीतले ककोडे, लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. त्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. कंद घेताना दोन्ही मागून घ्या.