दोन काटकोन

जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापलेले दोन काटकोन एवढेच आमच्या मंडळाचे भांडवल आहे. एकावर 'चि. सौ. कां.' ही सोनेरी अक्षरे अजून शाबूत आहेत आणि दुसऱ्यावर गणपतीचा अर्धा कान आहे. हे दोन काटकोन समोरासमोर धरले की मध्ये एक चौकट तयार होते. ती फोटोवर ठेवून लहानमोठी करत गेले की कडेचा विजेचा खांब, कोणाचे तरी कोपर, अर्धीच आलेली स्कूटर असा सगळा नको असलेला ऐवज झाकता येतो आणि उरलेला फोटो कसा दिसला असता ते कात्री न लावता कळते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी डोंबिवलीला काकांच्या घरी आम्ही सहा-सात जण जमतो. काका नात्याने आमच्यापैकी कोणाचेच काका नाहीत. एका छापखान्याच्या प्रोसेस विभागात त्यांची उभी हयात गेली. रंगीत चित्राच्या चार रंगांच्या चार प्लेटा वेगळ्या करायच्या आणि पहिले प्रूफ निघाले की कोणता रंग जास्त झाला आणि कोणता कमी पडला ते नुसत्या नजरेने सांगायचे, हे त्यांचे काम होते. आम्हाला एक फोटो दिसतो तिथे त्यांना अजूनही निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार फोटो दिसत असावेत, असा आमचा दाट संशय आहे.

मंडळाचे नियम मोजके आहेत. फोटो कागदावर छापून आणायचा, कारण मोबाईलवर तो पाहता पाहता बोट पुढे सरकतेच. फोटो टेबलावर ठेवल्यावर दोन मिनिटे कोणी तोंड उघडायचे नाही, आणि ज्याने तो काढला त्याने तर सगळ्यांचे बोलून होईपर्यंत नाही. 'छान' हा शब्द वर्ज्य आहे. तो उच्चारणाऱ्याला पुढच्या खेपेला बटाटेवडे आणावे लागतात. जमून एकमेकांच्या फोटोंवर बोलण्याची कल्पना काही आमची नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात पुढे होते. तिथे बटाटेवड्यांचा दंड नसावा, एवढाच काय तो फरक.

दोन मिनिटे हा काळ किती लांब असतो ते फोटोपुढे बसल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वीस सेकंदांत सगळे पाहून झालेले असते. मग चुळबुळ सुरू होते, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर जाते, आणि करण्यासारखे दुसरे काहीच नसल्यामुळे माणूस नाइलाजाने पुन्हा फोटोकडे वळतो. खरे पाहणे तिथून पुढे सुरू होते.

एकदा काकांनी आमच्यापैकी कोणाच्या फोटोऐवजी एका जुन्या मासिकातले कात्रण टेबलावर ठेवले. अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली काढलेला गांधीजी आणि चरखा हा फोटो आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिला होता, की त्या दिवशीची दोन मिनिटे निव्वळ उपचार वाटली. मग काकांनी विचारले, "गांधीजी काय करताहेत?"

"सूत कातताहेत," आम्ही वर्गातल्या मुलांसारखे एका सुरात म्हणालो.

काकांनी काही न बोलता कात्रण पुन्हा आमच्याकडे सरकवले. गांधीजी सूत कातत नाहीत. ते मान खाली घालून हातातले कागद वाचत आहेत आणि चरखा त्यांच्या पुढ्यात, कॅमेऱ्याच्या बाजूला, स्वस्थ आहे. तो पुढे असल्यामुळे माणसाहून ठळक दिसतो, नजर आधी त्याच्यावर अडते आणि त्याला वळसा घालून मगच माणसापर्यंत पोहोचते. चरखा आणि माणूस यांची बेरीज करून आम्ही सर्वांनी आयुष्यभर अशी एक क्रिया पाहिली होती, जी त्या फोटोत घडतच नाही. रचना हा शब्द मी तोवर बराच वापरला होता, पण ती पाहणाऱ्याकडून काय काय करून घेऊ शकते ते मला त्या दिवशी समजले. फोटो काढू देण्याआधी बर्क-व्हाइट यांना सूत कातायला शिकण्याची अट घालण्यात आली होती, अंधाऱ्या खोलीत फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली होती आणि त्यातले पहिले दोन प्रयत्न वाया गेले होते, ही हकिकत काका फार रंगवून सांगतात. मात्र ती फोटो पाहून झाल्यावर सांगतात, आधी कधीच नाही. गोष्ट आधी कळली की डोळे तेवढी गोष्टच शोधत बसतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

रचनेचे नियम आजकाल मोबाईलच्या पडद्यावरच आखून मिळतात. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा, आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे मुख्य वस्तू आणायची. आमच्यातले बँकेत काम करणारे एक गृहस्थ या रेषांचे इतके निष्ठावान भक्त आहेत, की त्यांच्या प्रत्येक फोटोतला माणूस एसटीत खिडकीची जागा धरून बसल्यासारखा एका कडेला असतो. हा एकतृतीयांशाचा नियम जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला, म्हणजे फोटोग्राफी १८३९ साली जगापुढे येण्याच्या चाळीसेक वर्षे आधी. आकाश किती आणि जमीन किती या प्रश्नाला तो बरा आहे. पण आजीच्या चेहऱ्यावर नेमके काय चालले आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा पॅरिसमधल्या सेंट लाझार स्टेशनामागचा १९३२ सालचा फोटो पाहावा. डबक्यावरून झेप घेतलेल्या माणसाची टाच पाण्यापासून जेमतेम बोटभर वर आहे आणि मागच्या भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरमध्ये एका नर्तकीनेही तशीच झेप घेतली आहे. काढलेला फोटो नंतर कापण्याचे या गृहस्थांना वावडे होते. पण हा फोटो त्यांनी कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढला होता, म्हणून त्याची कड त्यांनाही कापावी लागली. हे ऐकल्यापासून लग्नपत्रिकेचे काटकोन हाती घेताना आम्हाला अपराधी वाटेनासे झाले आहे.

मी पहिल्यांदा नेलेला फोटो स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसलेल्या आईचा होता. खिडकीतून तिरपा उजेड आलेला, ताटात तांदूळ, आईचे बोट खड्यावर थबकलेले. मी मनातल्या मनात त्याला चौकटही लावून टाकली होती. काकांनी तो उचलला आणि डोके खाली, पाय वर असा फिरवून ठेवला. उलट्या फोटोत माणूस चटकन ओळखू येत नाही, राहतात ते फक्त उजेडाचे आणि काळोखाचे ढीग. त्यातला सर्वांत झगझगीत ढीग म्हणजे ओट्यावर पालथे घातलेले स्टीलचे पातेले होते. "पातेल्याचा फोटो बरा आलाय," बँकवाले गृहस्थ म्हणाले आणि सूड उगवल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. शिवाय खिडकीचा उजेड निळसर होता आणि माझ्या मागे जळत असलेला बल्ब पिवळा. आपले डोळे हा फरक परस्पर मिटवून टाकतात, कॅमेरा तसे करीलच असे नाही. त्यामुळे आईचा एक गाल हळद लागल्यासारखा आणि दुसरा थंडीने गारठल्यासारखा आला होता. हे सगळे माझ्यासमोर घडत असताना मला एकही गोष्ट दिसली नव्हती, कारण मी आईकडे बघत होते आणि कॅमेरा स्वयंपाकघराकडे.

रंगांच्या बाबतीत काका कठोर आहेत. दरवर्षी आषाढात कोणी ना कोणी दिवे घाटातल्या वारीचा फोटो आणतेच. वरून दिसणारा वळणावळणाचा रस्ता, पांढऱ्या टोप्यांचा ओघ, भगव्या पताका आणि दोन्ही अंगांना हिरवे डोंगर. ढगाळ हवेत सावल्या काळ्याकुट्ट पडत नाहीत, म्हणून रंग खरे तर फार नेमके दिसतात. पण मोबाईलला तेवढ्यावर समाधान नसते. यंदाच्या फोटोत हिरवा इतका हिरवा होता की गवत प्लास्टिकचे वाटावे. काकांनी भिंगातून एक पताका दाखवली. तिच्यात एकही चुणी उरली नव्हती, भगव्या रंगाचा नुसता सपाट त्रिकोण होता. "रंग वाढवला की कापड मरतं," ते म्हणाले. मग त्यांनी छायाचित्रकार रघुबीर सिंह यांचे पुस्तक काढून १९६७ साली मुंगेरला टिपलेल्या, पावसात भिजून एकमेकींना बिलगलेल्या चार बायकांचा फोटो उघडला. त्यात लुगडे ओले आहे हे रंगावरूनच कळते. वारीचा फोटो आणणारी मुलगी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण माझ्या फोटोला लाइक फार मिळाले हो." तिचेही काही चूक नव्हते.

रचना आणि रंग यांवर आम्ही भांडतो. भाव मात्र सगळ्यांनाच लगेच दिसतो, आणि तिथेच आम्ही तोंडघशी पडलो. मी आईबाबांच्या अल्बममधला, १९८३ सालचा माथेरानचा एक फोटो नेला होता. लग्नाला वर्षही झाले नसेल. बाबांनी तो उसन्या कॅमेऱ्याने बऱ्याच लांबून काढला आहे. अर्ध्याहून अधिक फोटो लाल मातीने व्यापलेला, क्षितिज एका अंगाला कललेले, आणि डाव्या कोपऱ्यात कठड्याजवळ मातकट साडीतली आई, इवलीशी. ती दरीकडे पाहत नाही आणि कॅमेऱ्याकडेही नाही. तिची मान खाली आहे. साऱ्या फोटोवर एक तांबूस छटा पसरली आहे, जिला मी इतकी वर्षे संध्याकाळ समजत आले होते.

दोन मिनिटांनंतर मंडळाची वाणी बहरली. एवढी रिकामी जमीन म्हणजे नव्या संसारातले एकटेपण, असे एकाने सांगितले. हातातली पर्स तिने किती घट्ट धरली आहे पाहा, हे दुसऱ्याने दाखवून दिले. मावळतीच्या रंगाने उदासी गडद झाल्याचे तिसऱ्याने म्हटले, आणि काटकोन कसेही फिरवले तरी माती कापल्यावर फोटो नीट दिसतो पण त्यातला जीव जातो, यावर सर्वांचे एकमत झाले. फक्त काका म्हणाले, "मावळती कसली? कठड्याची सावली बघा, अगदी पायाशी आहे. भर दुपार आहे ही. निळा उडालाय याच्यातला." त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असत आणि अंधारात, बंद अल्बममध्ये त्यातला निळा सर्वांत आधी उडून जाई, मागे राही किरमिजी आणि पिवळा. उन्हात ठेवलेल्या छापील चित्रांचे नेमके उलटे होते, म्हणून सलूनच्या काचेवरचे केसांच्या फॅशनचे चेहरे निळे पडलेले असतात. जुन्या दिवसांची म्हणून जी ऊबदार छटा आपण मोबाईलमध्ये हौसेने फोटोवर चढवतो, ती कोणी कधी पाहिलेलीच नव्हती. इथे तर माथेरानची मातीच लाल, त्यामुळे तिच्यात मातीचे किती आणि उडालेल्या निळ्याचे किती, ते काकांनाही वेगळे करता येईना.

ठाण्याला परतताना मी थोडी अस्वस्थ होते. एवढ्या सहा-सात जाणत्या माणसांना जे दिसले ते मला चाळीस वर्षांत दिसू नये, याचे वाईट वाटत होते. जेवताना मी आईला भीत भीत विचारले, की तेव्हा ती उदास होती का.

"उदास? चप्पल तुटली होती," आई म्हणाली. "अंगठा निघाला होता. तिथे गाडी चालत नाही, घोडा महाग म्हणून तुझे बाबा करेनात, बाजार दोन मैलांवर. आणि हे लांब जाऊन ओरडताहेत, हस, हस!"

मी काकांसारखे भिंग घेऊन बसले. आईचा उजवा पाय उचललेला होता आणि त्याचा तळवा डाव्या पावलावर टेकलेला होता. तापलेल्या मातीवर अनवाणी पाय तसाच ठेवतात. तिने घट्ट धरलेल्या पर्सला एक पट्टा होता, आणि तो तुटलेला होता.

आईने फोटो माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेला आणि तिचा चेहरा पहिल्यांदा खरोखर नाराज झाला. "ही कुठली साडी? असला मातकट रंग मी जन्मात कधी नेसले नाही. ती मोरपंखी होती, तुझ्या आजीने घेतलेली." मग ती उठली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक गोधडी ओढून आणली. आजीच्या लुगड्यांच्या आणि बाबांच्या सदऱ्यांच्या तुकड्यांमध्ये, एका कोपऱ्यात, वीतभर मोरपंखी ठिगळ होते. धुऊन धुऊन ते विटले होते, त्याच्यावरून धाव दोऱ्याच्या चार रांगा गेल्या होत्या, तरी फोटोतल्या साडीशेजारी धरल्यावर ते इतके निळे दिसले की आम्ही दोघीही काही क्षण गप्प झालो.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकलमध्ये मांडीवर गोधडी घेऊन बसलेल्या माझ्याकडे लोक वळून वळून पाहत होते. काकांनी ती टेबलावर पसरली, फोटो त्या ठिगळाला लागून ठेवला आणि दोन मिनिटे कोणालाही बोलू दिले नाही.